चिनी रेशमाची नक्षी दूरदेशीच्या व्यापारामुळे कशी बदलली? प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी

रेवदंडा_बंदर

नमस्कार मंडळी. चौल-रेवदंड्याच्या जुन्या व्यापारावर आमच्या वाचनालयात आठ फलकांचं छोटं प्रदर्शन लावायचं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाची नोंद आहे की चौलचे लोक चीनमधून कच्चं रेशीम आणवत, इथे त्याचं साटीन, ताफ्ता वगैरे विणत आणि तो माल परत बाहेर पाठवत. त्याच्या जवळजवळ दीड हजार वर्षं आधीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात चिनी रेशीम बॅक्ट्रियावरून (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागातून) खुष्कीने भडोचला येतं असं लिहिलंय. त्यामुळे चीनमधून रेशीम बाहेर कसं पडलं हे दोन फलकांत मांडून होतं.

अडलंय ते उलट बाजूला. या व्यापाराने खुद्द चीनमधली नक्षी आणि लोकांचा पेहराव कसा बदलला? जिथे वाचावं तिथे 'सांस्कृतिक देवाणघेवाण झाली' एवढ्यावर भागवलेलं असतं. शाळेतल्या मुलांना त्यातून काहीच हाती लागत नाही. कोणती गोष्ट बाहेरून आली, केव्हा, तिचा पुरावा कुठल्या कापडात आहे आणि ती छायाचित्रात बोटाने दाखवता येईल का, असं कोणी सांगू शकेल का? मुलांकडून करून घेता येईल असं एखादं प्रात्यक्षिकही हवं आहे. लाकडी चौकटी, सूत आणि दोन-तीन मदतनीस आहेत.

ताणाबाणा

ताई, फलकाची सुरुवात नक्षीपासून करू नका, मागापासून करा. नक्षी का बदलली ते मागात दिसतं.

हान काळातलं (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) नक्षीदार चिनी रेशीम ताण्यातून नक्षी काढायचं. ताणा म्हणजे मागावर लांबीत ताणलेले धागे, बाणा म्हणजे त्यांच्यातून आडवा घातलेला धागा. तर रंग सगळे ताण्यात, बाणा आत लपलेला. तीन रंगांचं कापड हवं तर प्रत्येक जागी तीन रंगांचे तीन ताणे शेजारी, त्यातला हवा तो वर आणि उरलेले दोन मागे. एक रंग वाढवला की ताण्याची आणखी एक पूर्ण रांग वाढते आणि फणीत (ताणे वेगळे ठेवणाऱ्या दात्यांत) गर्दी होते. म्हणून जास्त रंग हवे असले की कारागीर पट्ट्यापट्ट्याने रंग बदलत. नक्षी सलग दिसते, पण रंग मात्र ताण्याच्या दिशेने उभ्या पट्ट्यांत बदलत जातात. छायाचित्रात ही पहिली खूण शोधा.

यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९९५ साली चीनच्या वायव्येकडच्या तारिम खोऱ्यातल्या निया इथे सापडलेला बाहूवर बांधायचा पट्टा. आकार जेमतेम १८.५ बाय १२.५ सेंटीमीटर, पाच रंग, ढगांमधून चालणारे प्राणी आणि मध्ये 'पाच तारे पूर्वेला उगवले, मध्यदेशाला लाभ' अशा अर्थाची अक्षरं. चेंगदूजवळ लाओगुआनशान इथल्या थडग्यात नक्षीच्या मागांच्या चार लाकडी प्रतिकृती मिळाल्या. त्यांच्या आधारे माग उभारून चीनमधल्या अभ्यासकांनी हा पट्टा पुन्हा विणला, तेव्हा १०,४७० ताणे आणि नक्षीसाठी ८४ उचलण्या (ठरावीक ताणे एकदम वर उचलणाऱ्या काठ्या) लागल्या. एवढा खटाटोप करून ताण्याच्या दिशेने नक्षी सात-साडेसात सेंटीमीटर चालते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रुंदीत मात्र एकच चित्र या काठापासून त्या काठापर्यंत पसरतं. हान नक्षीतले प्राणी आडवे धावत का जातात याचं मोठं कारण हे आहे. उंच आकृतीला तिथे जागाच नव्हती.

मध्य आशियात आणि इराणात लोकरीचं विणकाम आधीपासून होतं आणि तिथे नक्षी बाण्यात असायची. लोकर जाड आणि फुगीर असते, फणीने दाबून ठोकली की ताणा झाकून टाकते. तिथल्या विणकरांच्या हाती रेशीम आलं तेव्हा त्यांनी तेही त्याच पद्धतीने विणलं. हे कापड पाचव्या ते सातव्या शतकांत सोग्दी (समरकंदच्या भागातल्या) व्यापाऱ्यांबरोबर उलट चीनमध्ये यायला लागलं. बाण्यात रंग असले की हव्या त्या ओळीला रंग बदलता येतो, फक्त दुसऱ्या रंगाच्या बाण्याचा धोटा उचलायचा. त्याच्या जोडीला दोऱ्या ओढून नक्षी उचलणारा माग आला. बनारसच्या विणकरांच्या जाल्यासारखी ती रचना. एक दोरी ओढली की नक्षीच्या प्रत्येक आवर्तनातला तोच धागा एकदम उचलला जातो, आणि दोऱ्या उलट क्रमाने बांधल्या की डावी बाजू आपोआप उजवीकडे उमटते. समोरासमोर उभे असलेले मेंढे, मोर, घोडेस्वार असे आले.

खाडीकाठ

म्हणजे मोत्यांसारख्या ठिपक्यांच्या गोल कड्यात बसवलेला प्राणी दिसला की कापड इराणी, असं मुलांना सांगायला हरकत नाही ना? ती नक्षी तर ससानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या ससानी घराण्याची, म्हणूनच ओळखली जाते.

ताणाबाणा

हरकत आहे, आणि नेमकी इथेच फलकांवर चूक होते. नक्षी ससानी-सोग्दी जगातली, पण कापड चिनी असू शकतं.

चीनच्या वायव्येला तुर्फानजवळच्या आस्ताना इथल्या थडग्यातलं एक कापड पाहा. तिथे सन ५८९ चा कालनिर्देश मिळाला आहे. मोत्यांचं कडं, आत उंट आणि त्याला धरून चालणारा माणूस, शेजारी 'हू वांग', म्हणजे परदेशी राजा, अशी चिनी अक्षरं. विषय, कडं, उंट सगळं पश्चिमेकडचं. पण विणकाम जुन्या चिनी पद्धतीचं, ताण्यातल्या नक्षीचं. त्यामुळे प्रतिबिंब डावी-उजवीकडे न पडता खाली पडलंय. उंट आणि माणूस एकदा सुलटे, त्याखाली तेच डोकं खाली पाय वर, पाण्यात दिसावेत तसे. नक्षीच्या काठ्या पहिलीपासून शेवटपर्यंत उचलायच्या आणि मग शेवटून एकपर्यंत परत यायचं, अशाने हे प्रतिबिंब फुकट मिळतं. गिऱ्हाइकाला परदेशी नक्षी हवी होती आणि विणकराने ती हाती असलेल्या मागावर बसवली. व्यापाराचा ठसा एका चौकोनात दाखवायचा असेल तर मी हेच चित्र लावेन.

ओळखण्याच्या आणखी खुणा:

ताण्याचा पीळ. जवळून काढलेलं छायाचित्र असेल तर धाग्यावरची तिरकी रेघ बघा. वर जाताना ती उजवीकडे झुकत असेल तर झेड पीळ, डावीकडे झुकत असेल तर एस पीळ. बाण्यातल्या नक्षीच्या तिरप्या विणीच्या कापडात मध्य आशियाई आणि इराणी मालाचा ताणा साधारणपणे झेड पिळाचा आणि घट्ट, तर तांग घराण्याच्या काळातल्या (६१८ ते ९०७) चीनमधल्या मालाचा एस पिळाचा. कोषातून काढलेलं रेशीम अखंड असतं, त्याला पीळ द्यायची गरज नसते. ज्यांचा हात लोकर कातण्यात मुरला होता त्यांनी सवयीने पीळ दिला.

रुंदी. चिनी ठाण साधारण अर्ध्या मीटरचं. दोन्ही काठ शाबूत असून पना मीटरभर असेल तर ते चिनी मागावरचं असण्याची शक्यता फार कमी.

अक्षरं. जपानमधल्या होर्यूजी मंदिरातलं सिंहाच्या शिकारीचं प्रसिद्ध रेशीम पाहा. पंख असलेल्या घोड्यांवरचे दाढीवाले स्वार, मोत्यांची कडी, सगळा थाट इराणी. पण घोड्यांच्या पुठ्ठ्यावर 'डोंगर' आणि 'शुभ' अशी दोन चिनी अक्षरं विणलेली आहेत.

पेठकरी

मागाचं वर आलंच आहे, मी माणसं आणि बाजार यांच्याबद्दल लिहितो.

सुई घराण्याच्या सम्राट वेनकडे (राज्यकाळ ५८१ ते ६०४) इराणकडून जरीच्या रेशमाचा झगा नजराणा म्हणून आला. त्याने हे चोऊ नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला तसाच विणायला सांगितलं, आणि झालेलं काम मूळ वस्त्रापेक्षा सरस निघालं असं दरबारी इतिहासात नोंदलेलं आहे. या हे चोऊचं घराणं सोग्दी मुळाचं, त्याचा आजा व्यापारासाठी सिचुआनात येऊन स्थायिक झालेला. चेंगदू हे नक्षीदार रेशमाचं जुनं केंद्र. परदेशी व्यापाऱ्याचा नातू, राजाच्या कारखान्यावरचा अधिकार आणि चिनी विणकर हे तिन्ही एका ठिकाणी आले.

पुढची पायरी दोऊ शिलुन याची, तांग काळाच्या सुरुवातीला, तीही चेंगदूत. त्याला लिंगयांगचा ड्यूक अशी पदवी होती म्हणून त्याच्या नक्षीला त्या नावाने ओळखतात. जोडीचे तितर, झुंजणारे मेंढे, उडणारा फिनिक्स अशा नक्ष्या त्याच्या नावावर आहेत. जोडी आणि गोल चौकट त्याने ठेवली, पण मोत्यांच्या जागी फुलांची आणि वेलींची माळ आली. सातव्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकात जाताना कडं हळूहळू फुलांचं होत जातं आणि आतला प्राणी लहान होतो किंवा जातोच. उरतं ते मोठं गोल फूल. तीन कापडांची छायाचित्रं एकाखाली एक लावा: मोत्यांचं कडं, फुलांच्या कड्यात जोडी, नुसतं गोल फूल. सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

आता पेहराव. परदेशी कपडा चीनमध्ये आधी लढाईच्या गरजेने आला. इ.स.पू. ३०७ मध्ये झाओ राज्याच्या वुलिंग राजाने घोडदळासाठी तोकडा अंगरखा आणि विजार सक्तीची केली. तांग काळात तीच तऱ्हा शौकाची झाली. अरुंद बाह्या, उलटवलेली कॉलर, कमरेला चामडी पट्टा, आणि हे कपडे बायकाही घालत. आधी घोड्यावर बसताना अंगभर पडणारा बुरखा असायचा, मग मानेपर्यंत जाळी लावलेली टोपी आली, आणि आठव्या शतकाच्या पूर्वार्धात उघड्या तोंडाने परदेशी टोपी घालून बायका घोड्यावर बसत. थडग्यांतल्या मातीच्या बाहुल्यांवर या तिन्ही पायऱ्या दिसतात.

७५५ साली आन लुशान या तांग सेनापतीचं बंड झालं. तो स्वतः सोग्दी-तुर्की वंशाचा. त्यानंतर परदेशी थाटाबद्दलची नजर बदलली आणि बाह्या पुन्हा रुंद होऊ लागल्या. किती रुंद? ८३९ साली हुआइनानचा अधिकारी ली देयू याने आपल्या प्रांतात बायकांच्या बाह्या ४ चिनी फुटांवरून दीड फुटावर आणायचा हुकूम काढला. तांग फूट साधारण ३० सेंटीमीटरचा, म्हणजे सव्वा मीटरची बाही ४५ सेंटीमीटरवर.

राजाज्ञांवरूनही बाजार कळतो. ७१४ साली सम्राट श्वेनझोंगने महालासमोर भरजरी कापडं जाळायला लावली आणि दोन्ही राजधान्यांतले नक्षीदार रेशमाचे कारखाने बंद केले. ७७१ च्या आज्ञेत तर बंदी घातलेल्या नक्षींची यादीच आहे: वेटोळ्यांचा ड्रॅगन, जोडीचे फिनिक्स, सिंह, दिव्य अश्व, मोर, करकोचे. इतकी सविस्तर यादी काढावी लागली, म्हणजे हे सगळं सर्रास विणलं आणि विकलं जात होतं.

रेवदंडा_बंदर

खूप उपयोगी पडतंय हे सगळं. दोन गोष्टी विचारते. एक, ठाणाची रुंदी अर्धा मीटरच का? दोन, ते खाली पडलेलं प्रतिबिंब मुलांना विणून दाखवता येईल का?

पेठकरी

रुंदीचं उत्तर पैशात आहे. साधं पांढरं रेशीम चीनमध्ये कर भरायला आणि पगार द्यायला चालायचं. नाणं म्हणून चालायचं तर प्रत्येक ठाण सारखं हवं. दुनहुआंगजवळच्या सरहद्दीवर ऑरेल स्टाइन या संशोधकाला हान काळातला रेशमाचा एक तुकडा मिळाला, त्यावर शाईने लिहिलंय: रेनचेंगचं रेशीम, रुंदी २ फूट २ इंच, लांबी ४० फूट, वजन २५ औंस, किंमत ६१८ नाणी. ही सगळी मापं चिनी. तेव्हाचा फूट २३ सेंटीमीटरचा, म्हणजे ठाण सुमारे ५० सेंटीमीटर रुंद आणि सव्वानऊ मीटर लांब. तांग काळात ते १ फूट ८ इंच रुंद आणि ४० फूट लांब ठरलं. फूट मोठा झाला होता, त्यामुळे रुंदी जवळपास तीच राहिली, लांबी १२ मीटरच्या आसपास गेली.

याचा कपड्यावर थेट परिणाम आहे. अर्ध्या मीटरच्या पन्यात पाठ मावत नाही, म्हणून झग्याला पाठीच्या मध्यावर शिवण येतेच. मोठ्या गोलांची नक्षी असेल तर त्या शिवणीवर दोन अर्धी कडी जुळवावी लागतात. जुनी वस्त्रं पाहताना तिथे नजर टाका.

पैसा म्हटला की खोटही आली. आन लुशानच्या बंडानंतर तांग दरबार उत्तरेकडच्या उइघुर या तुर्की लोकांकडून घोडे घ्यायचा, एका घोड्याला ४० ठाणं असा चढा दर. एवढी ठाणं पुरवायची म्हणून विणकाम विरळ झालं आणि लांबी कमी भरू लागली.

ताणाबाणा

प्रात्यक्षिक होतं, आणि छान होतं. साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरची चौकट घ्या.

१ मिलीमीटर जाडीचं पिळाचं सुती दोरं, लाल आणि पांढरं. २० जोड्या, प्रत्येक जोडीत एक लाल एक पांढरा, एकूण ४० ताणे. ते दोन ते अडीच सेंटीमीटरात दाटून बसवा. बाण्याला बारीक गडद शिलाई दोरा. सूतच घ्या, रेशमाच्या मागे लागू नका: दमट हवेत रेशीम ढिलं आणि कमजोर पडतं, सूत उलट ओलाव्यात मजबूत होतं.

आलेखाच्या कागदावर २० घरं रुंद आणि ८ घरं उंच अशी नक्षी काढा. प्राणी आडवा झोपवून काढा, पाय कागदाच्या उजव्या काठाकडे. कारण पुढे कळेल. प्रत्येक ओळीसाठी एक बारीक काठी. त्या ओळीत जिथे लाल हवा तिथे जोडीतला लाल, जिथे पांढरा तिथे पांढरा, असे २० धागे दोऱ्याच्या फाशांनी त्या काठीला बांधा. ८ काठ्या, १६० फासे. शिवाय दोन काठ्या साध्या विणीच्या: एकीला सगळ्या विषम जोड्या (दोन्ही धागे), दुसरीला सगळ्या सम जोड्या.

विणताना एका ओळीला चार बाणे:

१. नक्षीची काठी उचला, बाणा घाला.
२. विषम जोड्या उचला, बाणा घाला.
३. तीच नक्षीची काठी पुन्हा उचला, बाणा घाला.
४. सम जोड्या उचला, बाणा घाला, ठोका.

मग पुढची काठी. आठवी झाली की सातवी, सहावी असं परत पहिलीपर्यंत या.

काय बिघडतं ते आधीच सांगतो. फासे कमी-जास्त लांबीचे झाले की काही धागे अर्धवट उचलले जातात आणि लालात पांढरे ठिपके दिसतात, म्हणून सगळे फासे एकाच खिळ्याभोवती वळवून सारख्या मापाचे करा. फासा सैलच हवा. तो आखूड झाला तर एक काठी उचलताना दुसऱ्या काठीचे धागे तिला अडवतात. बाणा ओढून घातला तर पट्टी मध्ये आवळते, त्याला किंचित कमान देऊन घाला. नक्षी लांबट आली तर ठोका कमी पडतोय. आणि ताणे विरळ असतील तर बाणा डोकावतो, मग हान पद्धत दाखवण्यात अर्थ उरत नाही.

पट्टी झाली की मुलांना ती उभी धरायला सांगा. प्रतिबिंब खाली पडलेलं दिसेल. मग पाय खाली येतील अशी तीच पट्टी काटकोनात फिरवायला सांगा. ताणा आडवा झाला, बाणा उभा झाला, आणि प्राणी एकदम समोरासमोर उभे. ताण्याच्या नक्षीची वीण काटकोनात फिरवली की बाण्याच्या नक्षीची वीण मिळते, रचना तीच. चिनी विणकराने उंटाचं कापड विणल्यापासून जोडीच्या मेंढ्यांपर्यंत जे केलं ते मुलं हाताने फिरवून बघतील.

करडई_आणि_पतंग

रंग राहिला. तोही व्यापाराचाच भाग आहे. तांग बायकांचे डाळिंबी रंगाचे घागरे प्रसिद्ध, तो लाल रंग करडईच्या फुलांचा. करडई चीनची नव्हे, पश्चिमेकडून मध्य आशियामार्गे गेली. चिनी परंपरा तिचं श्रेय झांग छ्येन या दूताला देते, जो इ.स.पू. १३८ मध्ये पश्चिमेला निघाला होता. दुसरा, स्वस्त लाल पतंगाच्या लाकडाचा, तो आग्नेय आशियातून जहाजाने यायचा. पतंगाला तुरटी दिली की लाल, लोखंड लागलं की जांभळट, पण उन्हात लवकर उडतो.

करडई आपल्याकडे मिळते, तेव्हा हेही करून दाखवा. १०० ग्रॅम सुक्या पाकळ्या फडक्यात बांधून थंड पाण्यात रात्रभर. सकाळी चोळून पिवळं पाणी टाका, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल शेकडा एकाहूनही कमी, म्हणून ही पायरी आटपती घेऊ नका. मग दीड लिटर थंड पाण्यात साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा, त्यात तेच गाठोडं अर्धा-पाऊण तास चोळा. पाणी तपकिरी-लाल होईल. पिळून गाठोडं बाजूला. आता लिंबाचा रस थोडा थोडा घाला. फेस येईल आणि पाणी लख्ख लाल होईल. तेव्हाच २०-२५ ग्रॅम रेशीम किंवा सूत बुडवा, तासभर हलवत राहा, सावलीत वाळवा.

पाणी गरम करू नका, लाल मरतो. सोड्याच्या पाण्यात फार वेळ ठेवलं तर रंग मळतो. रेशीम सोड्यात कधीच घालू नका, आधी लिंबू मग रेशीम. कोकणात हाताशी आमसूल असतं म्हणून ते वापरायचा मोह होईल, पण त्याचा स्वतःचा रंग उतरतो. लोखंडी भांडं नको. रेशमावर केशरी छटा आली तर पिवळा राहिलेला आहे. सूत तो पिवळा घेत नाही, रेशीम घेतं. म्हणून जुने रंगारी आधी सुती कापड रंगवत, त्यातून सोड्याच्या पाण्यात लाल परत काढत आणि मग रेशमाला देत.

जरीकाठ

तांगनंतरच्या दोन गोष्टींशिवाय प्रदर्शन अपुरं राहील.

पहिली, चित्रं विणण्याची एक वीण. चीनमध्ये या विणीला 'केसी' म्हणतात आणि पैठणी माहीत असलेल्या माणसाला ती लगेच कळते. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, रंगाचा बाणा आपल्या भागापुरता जातो आणि परत फिरतो. फरक एवढाच की पैठणीत दोन रंगांचे बाणे सीमेवर एकमेकांत अडकवतात, तिकडे न अडकवता परत फिरवतात, त्यामुळे मध्ये बारीक फट राहते. उजेडासमोर धरलं की आकृती चाकूने कापल्यासारखी दिसते. उभी रेघ लांब झाली तर फट उसवते, म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांनी नेतात. ही वीण तारिम खोऱ्यात लोकरीत शतकानुशतकं होती. आस्तानाच्या सन ६८८ च्या थडग्यातल्या लाकडी बाहुलीच्या कमरेला रेशमातला असा जेमतेम १ सेंटीमीटर रुंद पट्टा मिळालाय. तांगनंतरच्या सुंग घराण्याच्या काळात याच विणीत झू केरोउसारख्या कलावंतांनी फुला-पक्ष्यांची चित्रं विणली. लोकरीच्या सतरंजीची वीण चित्रकलेच्या कामाला लागली.

दुसरी सोन्याची. मंगोलांनी हेरात, समरकंद इथले विणकर उचलून पूर्वेला वसवले आणि युआन (चीनमधल्या मंगोल) दरबारासाठी सोन्याने भरलेलं रेशीम विणवून घेतलं. आपली जर म्हणजे चपटी केलेली चांदीची तार रेशमावर गुंडाळलेली. तिकडे सोन्याचा वर्ख कागदावर किंवा चामड्यावर चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापत, त्या तशाच विणत किंवा दोऱ्यावर गुंडाळत. चिनी कामात कागद, मध्य आशियाई कामात बहुधा चामडं किंवा आतड्याचा पापुद्रा. संग्रहालयाच्या टिपणात आधार कशाचा आहे हे दिलेलं असेल तर मूळ शोधायला मोठी मदत होते.

मिंग घराण्याने १३६८ मध्ये मंगोल पेहराव बंद करून तांग पद्धतीचा पेहराव जाहीर केला. तरी कमरेला चुण्या घातलेला मंगोल झगा दरबारात राहिला, आणि युआन काळात छातीवर शोभेसाठी विणायचे तो चौकोन १३९१ मध्ये अधिकाऱ्याच्या दर्जाची खूण ठरला: मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना पशू.

खाडीकाठ

एक भर घालतो. हा रस्ता एकेरी नव्हता. मंगोल काळात चिनी कमळ, ढगांच्या पट्ट्या आणि फिनिक्स इराणच्या कापडात, फरशांत आणि चित्रांत गेले. समुद्रमार्गे तर चीनमध्ये गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार नक्षी व्हायला लागली. पोर्तुगीज १५५७ पासून मकाऊत, स्पॅनिश जहाजं १५६५ पासून फिलिपिन्स ते मेक्सिको. त्यांच्यासाठी चिनी कारागिरांनी दोन डोक्यांचा गरुड चिनी पेओनी फुलांमध्ये बसवला. मखमलही फुजियानच्या किनाऱ्यावर याच सुमारास रुजली, झांगझोऊचं नाव त्यासाठी झालं. विणताना दर काही बाण्यांनंतर तार घालायची, तिच्यावरून जादा ताण्याचे फेरे न्यायचे आणि नंतर ते फेरे पात्याने कापून तार काढायची. चौलच्या फलकाला हा भाग जोडता येईल, कारण कच्चं रेशीम चौलला येत होतं तेही याच पोर्तुगीज काळात.

जरीकाठ

प्रदर्शन पावसाळ्यात असेल तर एक सूचना. कोणी जुनं चिनी भरतकाम किंवा सोनेरी पट्टीचं कापड मांडायला दिलं तर ते घडी घालून ठेवू नका, कागदी आधार घडीवर तडकतो आणि ओलाव्यात वर्ख सुटतो. आम्लरहित कागदाच्या नळीवर, नक्षी बाहेर ठेवून गुंडाळा. पेटीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील इतकं सिलिका जेल ठेवा आणि त्याचा रंग रोज बघा. उजेड ५० लक्सच्या वर नको. करडईचा लाल तर सगळ्यात आधी उडतो, तो नमुना खिडकीच्या भिंतीवर लावू नका. नकला आणि मुलांच्या पट्ट्या मात्र खुशाल उघड्यावर टांगा, हात लावू द्या.